हा आकडा कुणी लावला?

मी मॅट्रिक पास आहे आणि मॅट्रिकची परीक्षा मी दिलेली नाही. हसा. गोदीत सगळेच हसतात. पगाराच्या दिवशी मुकादम कागद पुढं सरकवतो आणि हमखास विचारतो, काय रे कोरोनापास, सही करतोस का अंगठा?

आमची २०२१ ची बॅच. परीक्षा रद्द झाली आणि सरकारनं सूत्र काढलं. नववीच्या निकालाचे पन्नास गुण, दहावीच्या वर्षातल्या लेखी चाचण्यांचे तीस, गृहपाठ-तोंडी-प्रात्यक्षिकाचे वीस. झाले शंभर. १६ जुलैला निकाल लागला, राज्याचा ९९.९५ टक्के. पंधरा लाखांवर पोरं एका दिवसात पास, आणि निकाल दाखवणारी वेबसाईट नापास. दिवसभर उघडलीच नाही.

आता माझी नववी ऐका. २०१९ च्या पावसाळ्यात बापाच्या पायावर लोखंडी पत्र्यांची थप्पी सरकली. बाप कंत्राटी. कंत्राटी माणसाचा पाय गेला की माणूसच गेला, असा गोदीचा हिशेब आहे. मी तीन महिने शाळा सोडून भाजीबाजारात हातगाडी ढकलली. पहिल्या सत्रात गणितात चौदा, इंग्रजीत अकरा. दुसऱ्या सत्राची परीक्षा कोरोनानं खाल्ली, म्हणजे नववीचा निकाल त्या चौदा-अकराच्या जिवावर. मी म्हटलं, नववी कोण विचारतो, दहावीला बघून घेऊ. आणि बघून घेतलंही. तिघं भावंडं, एक मोबाईल, आकडा टाकून ओढलेल्या विजेचा एक बल्ब, आणि खाली मी. पण दहावीची परीक्षा आलीच नाही. माझ्या दहावीत अर्धे गुण बापाच्या मोडक्या पायाचे निघाले. एक्कावन्न टक्के. मला आयटीआयला इलेक्ट्रिशियन व्हायचं होतं. तिथं दहावीच्या गुणांवर यादी लागते. यादी माझ्या वरच थांबली.

मी तेव्हा ओरडलो नाही. माणसं मरत होती, वर्गात पोरं बसवता येत नव्हती, हे मलाही कळत होतं. पण एक गोष्ट डोक्यात रुतून बसली. माझा निकाल लावताना त्यात मी फार थोडा होतो. बहुतेक माझा मागचा काळ होता, घर होतं, बाप होता. दोस्तहो, हे रडगाणं म्हणून सांगत नाही. तेव्हा साथीच्या नावाखाली जे एकदा झालं, ते आता प्रगतीच्या नावाखाली रोज करायचं घाटतंय, म्हणून सांगतो.

कृत्रिम बुद्धिमत्ता! काय थाटात आली बाई ही. सीबीएसईनं २०१९ साली नववीला हा विषय सुरू केला. २०२५ मध्ये दिल्लीच्या शिक्षण मंत्रालयानं जाहीर केलं की २०२६-२७ पासून तिसरीच्या पोरालाही शिकवू. शिकवा. आमची ना नाही. यंत्र कसं चालतं हे आमच्या पोरांना कळलंच पाहिजे, नाहीतर ते आमच्यावरच चालवलं जाईल. पण यंत्राविषयी पोरांनी शिकणं ही एक गोष्ट आणि यंत्रानं पोरांना तपासणं ही दुसरी. ह्या दोन गोष्टी एकाच पिशवीत घालून विकणारे दलाल ओळखा.

आमची बारकी नववीत आहे. शाळेचं नाव घेत नाही. बाईंनी निबंध दिला, 'माझी आई'. बारकीनं लिहिलं की आई पहाटे साडेतीनला उठून ससून डॉकवर कोळंबी सोलायला जाते. बर्फात हात घालून घालून तिची बोटं पांढरीफटक पडतात. घरी आली की आम्ही तिची बोटं गरम चहाच्या पेल्याभोवती धरून ठेवतो, आणि ती म्हणते, सोडा रं, चहा प्यायचा हाय. एवढंच लिहिलं. दीड पान. बाईंनी वह्यांचे फोटो काढले, मोबाईलातल्या कुठल्यातरी ॲपला दिले, ॲपनं गुण दिले. दहापैकी चार. खाली शेरा: भाषा अनौपचारिक आहे, बोली शब्द टाळावेत, शेवट सकारात्मक करावा.

बारकी मला विचारते, दादा, सकारात्मक शेवट म्हणजे काय लिहायचं? आईची बोटं बरी झाली असं?

तिच्या शेजारच्या बाकावरच्या पोरानं निबंध यंत्राकडूनच लिहून घेतला. आई म्हणजे ममतेचा सागर, आई म्हणजे त्यागाची मूर्ती, वगैरे सगळा पितळी माल. दहापैकी नऊ. यंत्रानं लिहिलं, यंत्रानं तपासलं, मधे पोरगं नुसतं पोस्टमन. ह्याला शिक्षण म्हणायचं असेल तर आमच्या क्रेनला प्राध्यापक म्हणा.

यंत्राला हे कुणी शिकवलं? आकाशातून नाही पडलं ते. जगात छापलेलं आणि मोबाईलवर चढवलेलं जेवढं म्हणून मिळालं, ते सगळं त्याच्या पोटात घातलं. मराठीचं म्हणाल तर वर्तमानपत्रं, क्रमिक पुस्तकं, गाईडं, भाषणं. त्या ढिगाऱ्यात आमची भाषा किती? दीडशे-पावणेदोनशे वर्षं ज्यांच्या हातात छापखाने, त्यांचीच जीभ छापली गेली. छापलेलंच यंत्रानं वाचलं. वाचलेलंच त्याला शुद्ध वाटतं. 'रं' आणि 'हाय' त्याला डाग वाटतात. सदाशिव पेठेतला मास्तर निदान मरतो तरी, हा मास्तर मरणारही नाही.

आता शहाणे म्हणतील, अरे बाबा, उलट यंत्र तुमच्याच फायद्याचं आहे. मास्तरला जात असते, यंत्राला जात नसते.

हा मुद्दा मी झटकून टाकणार नाही, कारण त्याच्या पहिल्या अर्ध्यात दम आहे. मास्तरला जात असते हे आम्हाला कुणी सांगायला नको. आडनाव वाचल्यावर ज्यांच्या पेनाची शाई आटते, असे मास्तर आम्ही पाहिलेत. तोंडी परीक्षेचे वीस गुण म्हणजे मास्तरच्या मर्जीचे वीस गुण, हे वस्तीतलं शेंबडं पोरही जाणतं. म्हणून तर आमच्या आयाबापांना बोर्डाचा पेपर प्यारा. त्या पेपरावर आडनाव नसतं, बारकोड असतो. तपासणारा कुठल्या गावचा ते आम्हाला माहीत नाही, आम्ही कुठल्या वस्तीचे ते त्याला माहीत नाही. तीन तास बाकावर बसून जे लिहिलं ते आमचं. घोकंपट्टीची परीक्षा, मान्य. क्लासवाल्यांचा धंदा, मान्य. तरी त्या तीन तासांत आम्हाला आमच्या बापापासून सुटायची एक फट होती.

यंत्र नेमकी ती फट बुजवतं. कशी, ते विलायतेत २०२० साली उघड्यावर दिसलं. तिथली गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडचे साहेब तिथलंच उचलतात आणि तिथं झालेली फजिती मात्र बंदरावरच सोडून येतात.

कोरोनात इंग्लंडची ए-लेव्हल परीक्षा रद्द झाली. आपली बारावी समजा, हिच्यावरच विद्यापीठाचा दरवाजा उघडतो. परीक्षांवर देखरेख करणाऱ्या ऑफक्वाल नावाच्या सरकारी संस्थेनं शिक्षकांना दोन गोष्टी मागितल्या. प्रत्येक पोराला कोणती श्रेणी मिळाली असती, आणि वर्गात पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत त्याचा नंबर कितवा. मग सूत्र चाललं. सूत्रानं बघितलं की त्या शाळेचा त्या विषयातला मागच्या तीन वर्षांचा निकाल काय होता. पोरांच्या आधीच्या परीक्षेचाही थोडा हिशेब धरला. मग जुन्या निकालाचा साचा ठेवला आणि यंदाची पोरं नंबरवारीनं त्यात कोंबली. मागची तीन वर्षं तुमच्या शाळेत त्या विषयात वरची श्रेणी कुणाला नाही? मग तू कितीही हुशार हो बाबा, साच्यात त्या खणाला जागाच जवळजवळ नाही. मागच्या वर्षी शेवटचा नंबर नापास? मग यंदाही कुणीतरी नापास झालंच पाहिजे.

१३ ऑगस्टला निकाल लागला. शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी ३९ टक्के खाली ओढल्या गेल्या. आणि आता गंमत बघा. विषयाला पाच किंवा त्याहून कमी पोरं असतील तर सूत्र लागत नाही, शिक्षकाचा शब्द कायम! एका विषयाला पाच पोरांचा वर्ग कुठं परवडतो? जिथं बाप पैसे मोजतो तिथं. खाजगी शाळांत सर्वांत वरच्या दोन श्रेण्यांचं प्रमाण मागच्या वर्षापेक्षा ४.७ टक्क्यांनी वाढलं, सरकारी सर्वसाधारण शाळांत दोनाने, आणि कामकऱ्यांची पोरं जिथं जास्त जातात त्या सिक्स्थ फॉर्म कॉलेजांत जेमतेम ०.३. त्याच्या आधी ४ ऑगस्टला स्कॉटलंडात हेच झालं होतं. हायर परीक्षेचं उत्तीर्णांचं प्रमाण सर्वांत गरीब वस्त्यांत शिक्षकांच्या अंदाजापेक्षा १५.२ टक्क्यांनी कापलं आणि सर्वांत श्रीमंत वस्त्यांत ६.९ टक्क्यांनी. गोऱ्यांच्या देशात. जिथं म्हणे जात नाही.

सूत्राला कुणाची जात ठाऊक नव्हती, धर्म ठाऊक नव्हता, तोंड ठाऊक नव्हतं. त्याला फक्त शाळा ठाऊक होती. तेवढं पुरलं. मुंबईत शाळेचं नाव सांगा, मी वस्ती सांगतो. वस्ती सांगा, पन्नासातल्या चाळीस पोरांची आडनावं सांगतो. यंत्राला जात नसते म्हणणाऱ्याला एवढंच विचारा की यंत्राला पिनकोड असतो का.

तिथली पोरं रस्त्यावर आली. शिक्षण खात्याच्या दारात उभं राहून त्यांनी अल्गोरिदमला चारचौघांत शिवी घातली. ती शिवी आमच्या गोदीत दर पाळीला चालते, पण गणिताच्या सूत्राला घातलेली मी पहिल्यांदा ऐकली. चार दिवसांत, १७ ऑगस्टला, सरकारनं सूत्र मागं घेतलं. स्कॉटलंडनं ११ तारखेलाच घेतलं होतं. त्या महिन्याअखेर पंतप्रधान बोरिस जॉन्सन एका शाळेत जाऊन पोरांपुढं म्हणाला की तो अल्गोरिदमच म्युटंट निघाला. जसा काही विषाणू! माणसांनी बसून लिहिलेलं, माणसांनी मंजूर केलेलं सूत्र, आणि अंगावर आल्यावर म्हणे ते आपोआप बिघडलं. गोदीत स्लिंग तुटून माणूस मेला की ठेकेदारही असंच म्हणतो, दोर म्युटंट होता.

कुणी म्हणेल ती कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती, साधी आकडेमोड होती. बरोबर. म्हणूनच तर पकडता आली. ऑफक्वालनं निकालाच्या दिवशी तीनशेवर पानांचा अहवाल काढला, त्यात सूत्र छापलं होतं. पोरांना आपला गळा कुठल्या ओळीत कापला ते वाचता आलं. आताचं यंत्र त्याच जातकुळीचं. कालच्या ढिगाऱ्यावरून आजच्या पोराचा अंदाज बांधणारं. फरक एवढाच की त्याला ओळच नाही. चार का दिले विचारा, ते गोडगोड बोलून काहीतरी कारण सांगेल. पुन्हा विचारा, दुसरं सांगेल.

आणि हे विलायतेपुरतं राहिलं असं समजू नका. २०२१ मध्ये सीबीएसईच्या दहावीला काय केलं? शाळेनं पोरांना गुण द्यायचे, पण शाळेची सरासरी मागच्या तीन वर्षांतल्या सर्वांत चांगल्या वर्षाशी जुळली पाहिजे, विषयाला दोन गुण इकडं किंवा दोन गुण तिकडं. म्हणजे ह्या वर्षीच्या पोरांनी आधीच्या पोरांपेक्षा जास्त शहाणं व्हायचं नाही, असा हुकूमच. त्याला नाव दिलं, समतोल. समता नव्हे हां, समतोल.

मी कंटेनर भरतो-उतरवतो. त्या पोलादी डब्याचा एक कायदा सांगतो. १ जुलै २०१६ पासून जगभर नियम आहे की कंटेनरचं तोललेलं वजन कागदावर असल्याशिवाय तो जहाजावर चढवायचा नाही. तोलायच्या रीती दोनच. एक, भरलेला डबा अख्खा काट्यावर घ्या. नाहीतर आतली प्रत्येक गोणी, प्रत्येक पेटी, खालच्या फळ्यासुद्धा तोला आणि त्यात रिकाम्या डब्याचं वजन मिळवा. तिसरी रीत नाही. ह्या व्यापाऱ्याचा माल मागच्या तीन वर्षांत एवढा भरला होता म्हणून ह्या वेळीही तेवढाच धरा, असं म्हटलं तर डबा गेटवरून परत. अंदाज चालत नाही. कारण अंदाज चुकला तर जहाज कलंडतं आणि विम्यावाल्यांचे पैसे बुडतात. डाळीच्या पोत्याला जो न्याय आहे तो आमच्या पोराला नाही. पोराचा अंदाज चुकला तर कुणाचं जहाज बुडतं?

माझा एक चुलता मटका खेळायचा. आकडा लावायचा, हरायचा, बायकोचा मार खायचा. मी त्याला शिव्या दिल्यात. आज वाटतं मटका परवडला. मटक्याचा आकडा तुम्हाला शाळा विचारत नाही, बापाचा धंदा विचारत नाही. महारवाड्यातल्याचा आणि मलबार हिलवाल्याचा आकडा तिथं सारख्याच भावानं फुटतो.

ह्या सूत्रावर बाबासाहेबांना बसवून बघा. १९०७ साल. परळच्या चाळीतली एक खोली, माणसांनी भरलेली. एल्फिन्स्टन हायस्कूल, सरकारी शाळा. सातारच्या शाळेत गोणपाटावर वेगळं बसून आलेला पोरगा. इथं तो फळ्याकडे निघाला तर फळ्यामागं डबे ठेवलेली पोरं बोंबलली की आमचं जेवण बाटेल. संस्कृत शिकायचं होतं, शिकू दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. आता सूत्राला विचारा: मागच्या तीन वर्षांत ह्या शाळेतून किती महार मॅट्रिक झाले? बाप निवृत्त सुभेदार, पेन्शन तुटपुंजी. घरात अभ्यासाला जागा नाही. संस्कृत नाही. मागचा आकडा काय, पुढचा अंदाज काय? सांगा ना, काय अंदाज येतो?

परीक्षेत त्यांना ७५० पैकी २८२ मिळाले. अडतीस टक्केसुद्धा भरत नाहीत. आजच्या यंत्रानं त्या गुणांवर शेरा मारला असता की ह्या विद्यार्थ्यास कौशल्याधारित अभ्यासक्रम सुचवावा. म्हणजे मला सुचवला तसा. सहा वर्षांनी तोच पोरगा कोलंबिया विद्यापीठात होता. ते २८२ थोडे होते, पण लिहिलेले होते, त्यांचे स्वतःचे होते, आणि त्यांच्यावर पास होता येत होतं. अंदाजावर सोडलं असतं तर तेही नव्हते.

आणि मुक्ता साळवे? जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मांगाची पोर, चौदा वर्षांची. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त छापून आला. थेट धर्मालाच सवाल. तिच्या आधी तसं कुणी लिहिलं नव्हतं. निबंध तपासणारं यंत्र काय करतं? आलेला निबंध आधीच्या नावाजलेल्या निबंधांशी ताडून बघतं. मुक्ताचा निबंध कशाशी ताडणार? ज्याला आधीचं उदाहरणच नाही त्याला यंत्राजवळ गुण नाहीत. भाषा अनौपचारिक, शेवट सकारात्मक करावा, दहापैकी चार. बारकीला चार मिळाले तर ती चांगल्या संगतीत आहे, असं मी तिला सांगितलं. तिला काही फारसं पटलं नाही, तिला गुण हवेत.

अशा यंत्राला पोकळ भाषा कशी आवडते ह्याचा पुरावाही आहे. अमेरिकेत एमआयटीतल्या लेस पेरेलमन नावाच्या माणसानं पोरांना हाताशी धरून एक यंत्र बनवलं, त्याला नाव दिलं बॅबेल. त्यात दोन-तीन शब्द टाकले की जडजड शब्दांचा, काडीचा अर्थ नसलेला निबंध बाहेर पडतो. तो त्यानं निबंध तपासणाऱ्या यंत्राला खिलवला. भरघोस गुण. आमच्याकडे असे निबंध लिहिणाऱ्यांना यंत्र लागत नाही, ते थेट साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होतात, पण ते असो.

आता दुसरं टोक. यंत्राकडून लिहून घेतलेलं पकडायला म्हणून आणखी एक यंत्र विकतात. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात यंत्रं तपासली. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा लोकांनी परीक्षेसाठी स्वतःच्या हातानं लिहिलेले इंग्रजी निबंध त्यांच्यापुढं टाकले. सरासरी शंभरातले साठांवर निबंध यंत्रांनी चोरीचे ठरवले. अमेरिकन शाळकरी पोरांचे निबंध मात्र बहुतेक खरे. कारण साधं आहे. ज्याच्याजवळ शब्द मोजके, तो साधं सरळ लिहितो. साधं सरळ लिहिलेलं यंत्राला यंत्रासारखं वाटतं. म्हणजे घरात पहिल्यांदा इंग्रजी वाक्य जुळवणारा पोरगा चोर आणि आजोबांपासून इंग्रजीत शिंकणारा साव. जन्मावरून चोर ठरवायचा कायदा इंग्रजांनी १८७१ साली केला होता, आपल्या पारधी-कैकाड्यांच्या कपाळावर तो १९५२ पर्यंत होता. कायदा गेला, शिक्का शिल्लक आहे, आता नव्या शाईत बुडवलाय.

मी यंत्र फोडा म्हणणारा नाही. खोटं कशाला बोलू, मी स्वतः ते वापरतो. रात्रपाळी संपल्यावर मोबाईल काढून त्याला विचारतो, व्होल्टेज म्हणजे काय, अर्थिंग कशाला. एकच गोष्ट चारदा विचारली तर चारदा सांगतं, तोंड वाकडं करत नाही, आडनाव विचारत नाही. मला कुठल्या मास्तरनं काय चारदा सांगितलं होतं? बारकीचं बीजगणित रात्री अकराला त्यानंच सोडवून दाखवलं. पण एकदा वायरिंगचं मला छातीठोक चुकीचं सांगितलं. मी वायरीत हात घातलेला माणूस म्हणून मला कळलं. बारकीला बीजगणितातली चूक कशी कळणार? ती चूक पकडायला मास्तर लागतो. पैसेवाल्यांच्या शाळेत मास्तरही असेल आणि यंत्रही असेल. आमच्याकडे मास्तरच्या जागी यंत्र येईल, ही मेख आहे. २०२३ मध्ये ह्याच राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा मिळून समूह शाळा करायचा प्रस्ताव निघाला होता. पाड्यावरची शाळा उचलायची आणि लांब कुठंतरी ठेवायची. उद्या म्हणतील, शाळा कशाला, टॅबलेट देतो. तेव्हा टॅबलेटला नाही म्हणणाऱ्याला प्रगतीचा वैरी ठरवतील.

यंत्राची घाई कुणाला असते ते मुंबईनं २०१७ साली बघितलंय. विद्यापीठानं उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. यंत्र गुण देत नव्हतं, माणूसच देत होता, नुसतं कागदाच्या जागी पडदा. तरी लाखो उत्तरपत्रिकांचा चिखल झाला, निकाल महिनोन् महिने रखडले, उत्तरपत्रिका हरवल्या, ऑक्टोबरात राज्यपालांनी कुलगुरूंना घरी पाठवलं. पोरांची वर्षं कुणी परत केली? पडदा नीट लावता आला नाही त्यांच्या हातात आता गुण देणारी बुद्धी द्यायची!

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे आणि ते गोदीच्या भाषेत आहे. आमच्या पोराचा पेपर यंत्रानं तपासला असेल तर तसं तोंडावर सांगा, लपवू नका. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, पुनर्मूल्यांकन मागता येतं, तोच हक्क यंत्राच्या प्रत्येक गुणाला लावा. पुन्हा तपासणारा हाडामांसाचा असला पाहिजे आणि त्याची सही असली पाहिजे. शाळेचा मागचा निकाल, घरचा पत्ता, नववीचे गुण, ह्यातलं काहीही पोराच्या दहावीच्या आकड्यात मिसळायचं नाही. युरोपनं २०२४ च्या कायद्यात पोरांची परीक्षा तपासणारं यंत्र धोक्याच्या यादीत घातलंय. तिथं धोका आणि इथं क्रांती, हे कसं?

गेल्या आठवड्यात मी पाळी बुडवून बारकीच्या शाळेत गेलो. एक दिवसाची मजुरी गेली. बाईंपुढं वही ठेवली आणि म्हटलं, बाई, तुम्ही स्वतः वाचा. भांडायच्या तयारीनंच गेलो होतो. बाई थकलेल्या होत्या. म्हणाल्या, अरे बाळा, चौऱ्याहत्तर वह्या आहेत एका वर्गाच्या, असे तीन वर्ग, वर मतदारयाद्यांचं काम, मी कधी वाचू? माझ्या तोंडातली शिवी तोंडातच राहिली. मग त्यांनी वही ओढली आणि वाचली. दीड पान वाचायला त्यांना पाच मिनिटं लागली, चहाच्या पेल्याशी थांबल्या. चाराचे आठ केले, 'रं' ला केलेली लाल खूण खोडली आणि सही केली.

बाकीच्या त्र्याहत्तर वह्या कपाटावर तशाच होत्या. रविवारी मला सुट्टी आहे. सकाळी दहापासून मी त्या वर्गातल्या पोरांची घरं फिरणार आहे. ज्यांच्या घरात नववीचं पोर आहे त्यांनी निबंधाची वही काढून ठेवावी, आणि सोमवारी शाळेत यायला आईला सांगून ठेवावं.